व्याजस्तुतीचा उन्हाळा

11 डिसेंबर 1959 रोजी अमेरिकेतल्या दोन बेसबॉल संघांनी सात खेळाडूंची अदलाबदल केली. न्यूयॉर्क यांकीज या बलाढ्य संघाने कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सला चार गडी दिले आणि तीन घेतले. येणाऱ्या तिघांत रॉजर मॅरिस होता, जाणाऱ्या चौघांत मार्व्ह थ्रोनबेरी. दोघंही डावखुरे फलंदाज, दोघांच्या वयात जेमतेम वर्षाचं अंतर. त्या दिवशी दोघांच्याही नावापुढे मोठं कर्तृत्व लागलेलं नव्हतं.

1962 च्या उन्हाळ्यात हे दोघं पुन्हा एकाच शहरात आले. मॅरिस यांकीजकडेच होता आणि आदल्याच वर्षी त्याने खेळाच्या इतिहासातला सर्वांत मोठा विक्रम मोडला होता. थ्रोनबेरी दोन संघांतून फिरून न्यूयॉर्कच्या नव्या मेट्स संघात दाखल झाला होता. तो चेंडू सोडत होता, बेस चुकवत होता, सामने घालवत होता. आणि न्यूयॉर्ककर मॅरिसची हुर्यो उडवत होते, थ्रोनबेरीच्या नावाने नाचत होते.

माझं शिक्षण तौलनिक साहित्याचं, व्यवसाय अनुवादाचा. बेसबॉलकडे मी आले ती पुस्तकांच्या वाटेने. अमेरिकी गद्यातली काही फार चांगली पानं या खेळावर लिहिली गेली आहेत, आणि ती नीट वाचायची तर खेळ समजून घ्यावाच लागतो. या दोन माणसांच्या गोष्टीशी मी पुन्हा पुन्हा येते त्याचं कारण खेळापलीकडचं आहे. लोक एखाद्यावर माया का करू लागतात, आणि ती माया कोणत्या भाषेत बोलतात, हा तिच्यातला प्रश्न आहे.

बेसबॉल न पाहिलेल्या वाचकासाठी दोन गोष्टी सांगते. पहिली होम रन. फलंदाजाने चेंडू कुंपणापलीकडे टोलवला की तो चारही बेसना स्पर्श करत फेरी पूर्ण करतो. दिसायला आपल्या षटकारासारखं, पण कितीतरी दुर्मीळ. अख्ख्या हंगामात एखाद्याने तीस मारले तरी त्याचं नाव होतं. दुसरी गोष्ट पहिल्या बेसवरचा गडी. बाकीचे क्षेत्ररक्षक चेंडू अडवतात आणि त्याच्याकडे फेकतात, त्याने तो फक्त झेलायचा. काम तसं सोपं मानलं जातं. त्यामुळे त्याच्या हातून चेंडू सुटला की सगळ्या मैदानाला दिसतो, आणि सगळ्या मैदानाला वाटतं, हे तर आपणही केलं असतं.

आधी मॅरिस. 1927 साली बेब रूथने एका हंगामात 60 होम रन मारले. पुढची 34 वर्षं हा आकडा कुणी ओलांडला नाही. 1961 मध्ये यांकीजचे दोन फलंदाज त्याच्या मागे लागले, मिकी मँटल आणि मॅरिस. मँटल यांकीजचाच वाढवलेला, देखणा, लाडका. मॅरिस नॉर्थ डकोटातला अबोल माणूस, बाहेरून आलेला, पत्रकारांना तुटक उत्तरं देणारा. प्रेक्षकांनी पक्ष निवडला होता. विक्रम मोडायचाच तर मँटलने मोडावा. सप्टेंबरमध्ये मँटल आजारी पडून 54 वर थांबला आणि मॅरिस एकटा उरला. ताणाने त्याच्या डोक्यावरचे केस झडू लागले.

त्यातच बेसबॉलचे कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी आधीच फर्मान काढलं होतं. रूथच्या काळी हंगाम 154 सामन्यांचा होता, आता तो 162 चा झाला होता. तेव्हा 154 सामन्यांत विक्रम मोडला नाही तर नोंद वेगळी होईल. 154 सामन्यांनंतर मॅरिस 59 वर होता. 61 वा होम रन आला 1 ऑक्टोबरला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी. न्यूयॉर्कच्या त्या भव्य मैदानात तेव्हा 23,154 माणसं होती. दोन तृतीयांश खुर्च्या रिकाम्या होत्या.

पुढच्या वर्षी त्याने 33 होम रन मारले. इतर कुणासाठी हा उत्तम हंगाम ठरला असता. मॅरिससाठी तो अपराध ठरला. रूथला मागे टाकलं म्हणून लोक आधीच चिडलेले होते, आता 61 ची बरोबरी केली नाही म्हणूनही चिडले. त्याची तुलना तोवर दोघांशी होत होती, रूथशी आणि मँटलशी. आता तिसरा जोडीला आला, गेल्या वर्षीचा मॅरिस.

आता नदीपलीकडे जाऊ. यांकीजचं मैदान ब्राँक्समध्ये, आणि हार्लेम नदीच्या दुसऱ्या काठाला मॅनहॅटनमध्ये पोलो ग्राउंड्स नावाचं जुनं मैदान. तिथे जायंट्स खेळत. ब्रुकलिनमध्ये डॉजर्स खेळत. 1957 चा हंगाम संपला आणि हे दोन्ही संघ कॅलिफोर्नियाला निघून गेले. कारण सरळ होतं, तिकडे बाजारपेठ होती. पण ज्यांच्या घरात तीन पिढ्या एकाच संघाचं नाव घेतलं जात होतं त्यांना हा व्यवहार कळला नाही. उरले फक्त यांकीज, वर्षानुवर्षं जिंकणारे. डॉजर्सचा माणूस यांकीजकडे वळणं शक्यच नव्हतं.

पाच वर्षांनी या पोरक्या लोकांसाठी मेट्स हा संघ उभा राहिला. मालकीण जोन पेसन. जायंट्समध्ये त्यांचा थोडा हिस्सा होता आणि संघ हलवण्याच्या विरोधात संचालक मंडळात जे एकमेव मत पडलं ते त्यांच्या बाजूचं होतं. व्यवस्थापक केसी स्टेंगल. यांकीजना सात वेळा विश्वविजेतेपद मिळवून देणारा, आणि वय झालं म्हणून त्यांनीच घरी बसवलेला. खेळाडू मात्र जुन्या संघांनी जे नको म्हणून बाजूला काढले त्यांतून निवडायचे होते. निवडताना जुन्या आठवणींचाही विचार झाला. ब्रुकलिनचा गिल हॉजेस 38 व्या वर्षी परत आला. फिलाडेल्फियात नाव कमावलेला रिची अ‍ॅशबर्न आला. लोकांनी ओळखीचे चेहरे बघायला तरी यावं, असा हिशेब होता.

पहिले नऊ सामने मेट्स हरले. हंगाम संपला तेव्हा त्यांच्या नावावर 40 विजय आणि 120 पराभव होते. आणि तरी त्या पडक्या मैदानात वर्षभरात 9,22,530 लोक आले.

या संघात थ्रोनबेरी मे महिन्यात दाखल झाला. वय 28, पण व्यावसायिक बेसबॉलमध्ये बरीच वर्षं काढलेली. एके काळी यांकीजचा होनहार पोरगा म्हणून त्याचा बोलबाला होता. डेन्व्हरच्या दुय्यम संघाकडून 1955, 1956 आणि 1957 अशी सलग तीन वर्षं त्याने आपल्या लीगमध्ये सर्वाधिक होम रन मारले होते. वरच्या पातळीवर ते काही जमलं नाही. यांकीजकडून कॅन्सस सिटी, तिथून बाल्टिमोर, तिथून मेट्स. बदल्यात मेट्सनी जो गडी दिला तो होबी लँड्रिथ, म्हणजे संघाने निवडलेला अगदी पहिला खेळाडू. त्याचं पूर्ण नाव मार्व्हिन यूजीन थ्रोनबेरी. इंग्रजी आद्याक्षरं एम, ई, टी, म्हणजे ‘मेट’. पुढे लोकांना हा विधिलिखिताचा भाग वाटू लागला.

सुरुवातीला मात्र लोकांनी त्याची मनसोक्त हुर्यो उडवली. तो हॉजेसच्या जागी उभा राहत होता म्हणून. हॉजेस आणि ब्रुकलिन यांचं नातं वेगळंच होतं. 1952 च्या विश्वमालिकेत हॉजेसला 21 प्रयत्नांत एकही फटका साधला नाही, आणि पुढच्या वसंतातही त्याची बॅट मुकीच राहिली. तेव्हा ब्रुकलिनच्या लोकांनी त्याला पत्रं पाठवली, तावीज पाठवले. एका रविवारी चर्चमधल्या पाद्र्याने उकाड्यामुळे प्रवचन आवरतं घेतलं आणि घरी जाऊन हॉजेससाठी प्रार्थना करा एवढंच सांगितलं. अपयशी खेळाडूला सांभाळून घेण्याची रीत या प्रेक्षकांच्या अंगात आधीपासून होती. पण ती आपल्या माणसासाठी होती. हॉजेसचे गुडघे कुरकुरत होते आणि त्याच्या जागी कुणी भलताच टेनेसीवाला चेंडू सोडत होता, हे कसं खपणार?

17 जून 1962. पोलो ग्राउंड्सवर शिकागो कब्जविरुद्ध सामना. पहिल्याच डावात थ्रोनबेरी क्षेत्ररक्षण करताना धावणाऱ्या गड्याच्या वाटेत आला. पंचांनी अडथळ्याचा निर्णय दिला, आणि कब्जनी त्या डावात चार धावा काढल्या. मग मेट्सची पाळी. दोन सहकारी बेसवर असताना थ्रोनबेरीने लांब फटका मारला आणि अवजड देहाने धावत थेट तिसरा बेस गाठला. प्रेक्षक उभे राहिले. तेवढ्यात कब्जच्या अर्नी बँक्सने पंचांचं लक्ष वेधलं. हा पहिल्या बेसला शिवलाच नाही. क्रिकेटमध्ये बॅट क्रीजपलीकडे टेकली नाही तर एक धाव कापतात, इथे गडीच बाद होतो. थ्रोनबेरी बाद. स्टेंगल वाद घालायला धावत निघाला, तेव्हा त्याच्याच एका सहायकाने त्याला आवरलं. कशाला भांडता, तो दुसऱ्या बेसलाही शिवलेला नाही. मेट्स तो सामना 8-7 असा हरले, एका धावेने.

पहिला बेस चुकला हे धावफलकाच्या नोंदीत आहे. दुसऱ्या बेसची गोष्ट लोकांच्या तोंडी आहे. या संघाविषयीच्या बऱ्याच कथा अशाच आहेत. वार्ताहरांनी, विशेषतः जिमी ब्रेस्लिन या पत्रकाराने, त्या सांगितल्या, रंगवल्या आणि पुढे ढकलल्या. 1963 मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाचं नावच मुळी स्टेंगलच्या तोंडी घातलेला हताश प्रश्न आहे. इथे कुणालाच हा खेळ खेळता येत नाही का? इतिहास लिहिणाऱ्याने या कथा चाळून घ्याव्यात हे खरं. पण लोकांनी कोणत्या कथा जपल्या, हीसुद्धा इतिहासातली नोंदच आहे.

त्या उन्हाळ्यात कधीतरी त्याला ‘मार्व्हलस मार्व्ह’ म्हणू लागले. मार्व्हलस म्हणजे अद्भुत, अलौकिक. अर्थ उघड होता. आपण घोळ घालणाऱ्याला ‘वा, काय हुशार’ म्हणतो त्यातलाच प्रकार. स्टेंगलही आपल्या संघाला ‘अमेझिंग’ म्हणत असे, आणि ते कौतुक होतं की कपाळावर हात, हे कुणी खात्रीने सांगू शकलं नसतं.

हा शब्द मराठीत आणायचा तर काय करावं, हा माझ्यातल्या अनुवादकाला पडलेला पहिला प्रश्न. ‘अचाट मार्व्ह’ म्हटलं तर जवळपास जातं, ‘अचाट’ या शब्दात दोन्ही रंग आहेत. पण शब्दापेक्षा मला त्याची हालचाल महत्त्वाची वाटते, आणि तिच्यासाठी आपल्या अलंकारशास्त्रात नाव आहे, व्याजस्तुती. वरवर स्तुती आणि आत निंदा, किंवा वरवर निंदा आणि आत स्तुती. दोन्ही उलट्या गोष्टींना शास्त्रकारांनी एकच नाव दिलं. शाळेत हे शिकताना मला त्यात गोंधळ वाटायचा. पोलो ग्राउंड्सची गोष्ट वाचल्यावर वाटतं की त्या एका नावात मोठी समज आहे. कारण एकच वाक्य, एकाच तोंडून, मे महिन्यात पहिल्या अर्थाने निघतं आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या. शब्द तोच राहतो. बदलतो तो बोलणाऱ्याचा जीव.

असं का झालं? थोडं श्रेय अ‍ॅशबर्नचं. ड्रेसिंग रूममध्ये तो थ्रोनबेरीचा शेजारी होता. हुर्योने खचलेल्या या माणसाला त्याने सांगितलं की लोकांबरोबर हसायला शीक. थ्रोनबेरी स्वभावाने सरळ होता, हळूहळू त्याला ते जमलं. तो पत्रकारांना टाळेनासा झाला, स्वतःवर विनोद करू लागला. स्टेंगलच्या वाढदिवसाचा केक कापला तेव्हा त्याने विचारलं, माझ्या वाढदिवसाला केक का नव्हता? स्टेंगल म्हणाला, तू तो पाडशील अशी भीती वाटली. ही गोष्ट खेळाडूंनी सांगितली, वार्ताहरांनी छापली, लोकांनी मुखोद्गत केली.

प्रेक्षकांत तरुण पोरं खूप होती. ती चादरींवर काहीबाही रंगवून आणत. व्यवस्थापनाने आधी ती फलकं जप्त करवली, मग वारा ओळखून 1963 मध्ये फलकांचाच खास दिवस सुरू केला. इंग्रजीत ‘बेरी’ने संपणारी फळं पुष्कळ आहेत, त्यांची नावं घेत घेत शेवटी थ्रोनबेरीवर यमक जुळवणारी आरोळी निघाली. मार्व्हची इंग्रजी अक्षरं उलटी छापलेले शर्ट निघाले. त्यावर वाचायला मिळायचं ‘व्राम’. संघ उलटा, खेळ उलटा, मग नायकाचं नावही उलटं. भर सामन्यात ‘मार्व्ह हवा’ अशी मागणी होऊ लागली.

21 ऑगस्टला ती पुरी झाली. पिट्सबर्ग पायरेट्सविरुद्ध दिवसातला दुसरा सामना, शेवटचा डाव. थ्रोनबेरी त्या दिवशी खेळत नव्हता. प्रशिक्षक कमी पडले म्हणून पहिल्या बेसजवळ प्रशिक्षकाच्या जागी उभा होता. मेट्स 4-2 असे मागे, दोन गडी बेसवर. प्रेक्षकांनी आरडाओरडा सुरू केला आणि स्टेंगलने त्याला बोलावून हातात बॅट दिली. समोर एल्रॉय फेस, त्या काळातला अत्यंत कठीण गोलंदाज. थ्रोनबेरीने चेंडू थेट प्रेक्षकांत टोलवला. तीन धावा, 5-4, मेट्स जिंकले.

त्या वेळी जी आरोळी उठली असेल तिच्यात उपहास किती होता? मला वाटतं, फार थोडा. ज्याच्याकडून कुणी काहीच मागत नव्हतं त्याने न मागता दिलं होतं. हॉजेसशी तुलना मागे पडली होती. तो आता कुणाच्या जागी उभा राहिलेला परका नव्हता, तो थ्रोनबेरी होता. मी ज्या धंद्यात आहे त्यात हे फार सहज कळतं. अनुवाद मुळाच्या सावलीत वाचला जातो, आणि सावलीत वाचणाऱ्याला फक्त उणीव दिसते. वाचक ज्या क्षणी मूळ विसरून समोरचं पान वाचू लागतो त्या क्षणी अनुवादाला स्वतःचा जन्म मिळतो. न्यूयॉर्कच्या पोरांनी थ्रोनबेरीला हा जन्म विनोदाच्या वाटेने दिला.

‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या कथाविभागाचे संपादक रॉजर एंजल त्या वर्षी पोलो ग्राउंड्सवर सामने पाहायला गेले. डॉजर्स आणि जायंट्स कॅलिफोर्नियाहून प्रथमच पाहुणे म्हणून आले होते, आणि दोघांनीही मेट्सना बडव बडव बडवलं. तरी लोक यजमानांसाठी घसा कोरडा करत होते. एंजलनी लिहिलेला लेख पुढे गाजला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की यांकीजचा चाहता विजय गृहीत धरतो. मेट्ससाठी ओरडणारा माणूस मात्र ओळखीचं काहीतरी पाहत असतो, कारण आपल्या सर्वांच्या वाट्याला यांकीजपेक्षा मेट्स अधिक आलेले असतात.

बहुभाषिक वाचकाला आवडेल अशी आणखी एक कथा या हंगामातली, अ‍ॅशबर्नच सांगायचा. मध्यभागी तो, पुढे शॉर्टस्टॉपच्या जागी व्हेनेझुएलाचा एलिओ चाकॉन. उंच उडालेल्या चेंडूखाली दोघं धावायचे आणि धडकायचे, कारण चाकॉनला इंग्रजी येत नव्हतं. अ‍ॅशबर्नने मग स्पॅनिश वाक्य शिकून घेतलं. ‘यो ला तेंगो’, चेंडू माझा. पुढच्या वेळी तो तसं ओरडला, चाकॉन शहाण्यासारखा थांबला, अ‍ॅशबर्न निर्धास्त झाला आणि बाजूने धावत आलेल्या फ्रँक थॉमसने त्याला आडवं केलं. थॉमसला स्पॅनिश येत नव्हतं. अनुवाद अगदी अचूक होता, फक्त मैदानात भाषा दोन होत्या आणि माणसं तीन. 1984 मध्ये न्यू जर्सीत निघालेल्या एका रॉक बँडने हेच वाक्य आपलं नाव म्हणून घेतलं.

इथवर गोष्ट गोड आहे. पण माया आणि मोबदला यांचा हिशेब हिवाळ्यात होतो. त्या हंगामात थ्रोनबेरीने 16 होम रन मारले होते आणि पहिल्या बेसवर 17 चुका केल्या होत्या. पुढच्या वर्षासाठी त्याने पगारवाढ मागितली. त्याचा युक्तिवाद ब्रेस्लिनने नोंदवला आहे. लोक मला ओरडायला मैदानात येतात, जसे मँटल आणि मॅरिससाठी येतात. मी गर्दी खेचतो. संघाच्या अधिकाऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हटलं, काहींना तू घालवलंसही.

थ्रोनबेरीच्या त्या वाक्यात मॅरिसचं नाव आलं आहे, हे मला विलक्षण वाटतं. तीन वर्षांपूर्वी एकाच सौद्यात ज्याच्या बदल्यात तो गेला, त्याच्याच पंक्तीत तो स्वतःला बसवत होता. आणि गर्दीच्या दृष्टीने ते खोटं नव्हतं. दोघांच्याही नावाने लोक ओरडत होते. पण व्याजस्तुतीची पावती बँकेत वटत नाही. त्याच सुमारास त्याला एक मोटरबोट बक्षीस मिळाली. मैदानाच्या कुंपणावर कपड्यांच्या एका कंपनीची पाटी होती, तिच्यावर वर्षभरात सर्वाधिक वेळा चेंडू आदळणाऱ्याला बोट. गावाकडे समुद्र नाही, आणि वर त्याला सांगण्यात आलं की ही भेट नसून कमाई आहे, सबब प्राप्तिकर भरावा लागेल. अ‍ॅशबर्नलाही संघाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून बोट मिळाली होती. ती भेट असल्याने करमुक्त होती, पण अ‍ॅशबर्न सांगे त्याप्रमाणे ती बुडाली.

1963 मध्ये थ्रोनबेरी मेट्सकडून 14 सामने खेळला. मे महिन्यात त्याला बफलोच्या दुय्यम संघात पाठवलं, आणि वरच्या पातळीवर तो पुन्हा दिसला नाही. प्रेक्षक मात्र वाढत गेले. 1964 मध्ये मेट्स नव्या मैदानात गेले आणि त्या वर्षी 17 लाखांवर लोक आले, यांकीजकडे 13 लाख. 1969 मध्ये मेट्स विश्वविजेते झाले, व्यवस्थापक होता गिल हॉजेस. तोवर थ्रोनबेरी टेनेसीला परतून बराच काळ लोटला होता. लोकांनी त्याला अंतःकरणातून काढलं असं नाही. पण त्या मायेने त्याची नोकरी वाचवली नाही, आणि ती वाचवू शकली असती असंही नाही. प्रेक्षकांच्या हाती जागा असते ती फक्त आठवणीतली.

आणि मॅरिस? 1965 मध्ये त्याच्या उजव्या हाताचं एक लहान हाड मोडलं. दुखापत किती गंभीर आहे हे त्याला बराच काळ नीट सांगितलं गेलं नाही. बॅटवरची पकड गेली आणि तिच्याबरोबर होम रनही गेले. लोकांना वाटलं, हा अंग चोरतो. त्याच्या मनात निवृत्ती होती, पण डिसेंबर 1966 मध्ये यांकीजनी त्याला सेंट लुईस कार्डिनल्सकडे देऊन टाकलं.

नव्या संघात त्याला जागा करण्यासाठी माइक शॅननला उजव्या बाजूवरून तिसऱ्या बेसवर हलवण्यात आलं. शॅनन सेंट लुईसचाच भूमिपुत्र. म्हणजे हॉजेस आणि थ्रोनबेरीची गोष्ट पुन्हा घडायला सगळी सामग्री हजर होती. आपला माणूस हलवला, जागी आला कोण, तर मोडक्या हाताचा, तुसडा म्हणून बदनाम झालेला न्यूयॉर्कवाला. पण सेंट लुईसने त्याचं टाळ्यांनी स्वागत केलं. 1967 च्या अख्ख्या हंगामात त्याने अवघे नऊ होम रन मारले, तरी टाळ्या थांबल्या नाहीत.

या प्रेक्षकांना दुसरंच काही दिसत होतं. मॅरिस चेंडू अडवून योग्य बेसकडे अचूक फेकत असे. बेसवरचा सहकारी पुढे सरकावा म्हणून स्वतःची विकेट टाकल्यासारखा साधा फटका मारत असे. धावताना कधी बेस सोडत नसे. ही कामं तो यांकीजसाठीही करत होता, पण 61 या आकड्याआड ती झाकली गेली होती. सेंट लुईसमध्ये तारे इतर होते, बॉब गिब्सन, ऑर्लँडो सेपेडा, आणि लू ब्रॉक, जो थ्रोनबेरीच्या त्या 17 जूनच्या सामन्यात कब्जकडून खेळला होता. गोरे, कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोचे खेळाडू एकत्र हसतखेळत राहत. त्यांनी स्वतःला स्पॅनिश-इंग्रजीची मोडतोड करून नाव घेतलं होतं, ‘एल बर्डोज’. या घोळक्यात मॅरिसकडून कुणाला रूथ नको होता. त्या वर्षी बॉस्टनविरुद्धच्या विश्वमालिकेत त्याने आपल्या संघात सर्वाधिक, सात धावा घडवून आणल्या आणि कार्डिनल्स जिंकले.

न्यूयॉर्कने थ्रोनबेरीला विनोद करून जवळ केलं, सेंट लुईसने मॅरिसला नीट पाहून. दोन्ही ठिकाणी आधी एक ओझं उतरवावं लागलं, माणसाच्या डोक्यावर ठेवलेलं दुसऱ्या कुणाचं तरी नाव. दुसरी वाट मला अधिक भरवशाची वाटते, कारण विनोदाला ताजं खाद्य लागतं आणि पाहण्याला फक्त वेळ लागतो. पण पहिलीला कमी लेखणं बरं नव्हे. विठ्ठलाला शिव्या देणाऱ्या जनाबाईच्या भाषेत आपण वाढलो आहोत. जवळीक कधी कधी निंदेचं रूप घेऊनच येते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पुढे दोघांनाही सुगीचे दिवस दाखवले ते बियरने. कार्डिनल्सचा मालक बियरच्या धंद्यातला. 1968 नंतर निवृत्त झालेल्या मॅरिसला त्याने फ्लोरिडात वितरणाची एजन्सी दिली. थ्रोनबेरी 1970 च्या दशकात दुसऱ्या एका बियरच्या जाहिरातींत दिसू लागला. मला इथे का बोलावलं, असं भाबडेपणाने विचारणारा माजी खेळाडू ही त्याची भूमिका. पडद्यावर त्याला पाहून हसणाऱ्यांत पोलो ग्राउंड्स न पाहिलेली एक नवी पिढी होती. 1994 मध्ये तो टेनेसीतच वारला.

मॅरिसने यांकीजच्या मैदानात पाऊल टाकायचं वर्षानुवर्षं टाळलं. एप्रिल 1978 मध्ये तो मँटलबरोबर आला तेव्हा लोकांनी त्याचा जयजयकार केला. 1984 मध्ये यांकीजनी त्याचा 9 हा क्रमांक सन्मानाने निवृत्त केला आणि मैदानातल्या स्मारकांत त्याच्या नावाचा धातूचा फलक बसवला. पुढच्याच वर्षी, 51 व्या वर्षी, तो कर्करोगाने गेला. त्या फलकावर 61 चा उल्लेख आहे, थोरवीचे शब्द आहेत आणि त्यांच्यामध्ये, गौरव कसला ते सांगताना, एक विशेषण कोरलेलं आहे. त्याचा मराठी अर्थ होतो ‘उशिरा केलेला’. एवढ्या मोठ्या संस्थेने स्वतःच्या स्मारकावर हा शब्द कोरून घेतला. त्याचा अनुवाद करताना मला कसलीच अडचण येत नाही. त्यात व्याज नाही.